सुट्टीच्या काळातील तातडीची दंतसेवा

सुट्टीच्या काळातील तातडीची दंतसेवा म्हणजे सण, सार्वजनिक सुट्ट्या, रविवार किंवा अन्य कारणाने नेहमीचे दवाखाने बंद असताना दात, हिरड्या, जबडा आणि तोंडातील मऊ भाग यांच्या अचानक उद्भवलेल्या विकारांवर अथवा इजांवर दिले जाणारे उपचार होत. या सेवेचा हेतू मर्यादित असतो. रुग्णाचा जीव वाचवणे, संसर्गाचा फैलाव अडवणे, रक्तस्राव थांबवणे, वेदना कमी करणे आणि वाचू शकणारा दात वाचवणे ही तिची उद्दिष्टे असतात. पूर्ण उपचार दवाखाने पुन्हा उघडल्यावर केले जातात.

दातांचे बहुतेक त्रास दोन-चार दिवस थांबू शकतात. काही त्रासांत मात्र काही तासांचा, क्वचित काही मिनिटांचाही उशीर नुकसानकारक ठरतो. त्यामुळे कोणता त्रास थांबू शकतो आणि कोणता नाही हे ओळखणे, हा या सेवेचा पाया मानला जातो.

पार्श्वभूमी

दंतवैद्यक हे बहुतेक देशांत रुग्णालयांपेक्षा स्वतंत्र दवाखान्यांतून चालणारे शास्त्र आहे. एका दवाखान्यात बहुधा एक किंवा दोनच दंतवैद्य असतात आणि रुग्णालयांप्रमाणे तेथे रात्रपाळी नसते. दंतवैद्य सुट्टीवर गेला की दवाखानाच बंद होतो. दुसरीकडे, सर्वसाधारण रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग चोवीस तास चालू असला, तरी तेथे दंतवैद्य किंवा दातांवर उपचार करण्याची खुर्ची व उपकरणे असतातच असे नाही.

सणासुदीच्या काळात ही उणीव अधिक जाणवते. लोक गावी किंवा प्रवासात असल्याने नेहमीच्या दंतवैद्यापासून दूर असतात. चकली, कडबोळी, चिक्की, ऊस यांसारख्या कडक किंवा चिकट पदार्थांमुळे आधीच कमकुवत झालेला दात तुटणे, फिलिंग निघणे किंवा कॅप सैल होणे असे प्रकार घडू शकतात. दहीहंडीचे थर कोसळणे, मैदानी खेळ आणि दुचाकीचे अपघात यांत चेहऱ्याला व पुढच्या दातांना मार बसू शकतो. सुट्टीपूर्वी अर्धवट राहिलेल्या रूट कॅनाल उपचारामुळेही ऐन सुट्टीत वेदना सुरू होऊ शकतात.

तातडीनुसार वर्गीकरण

स्कॉटलंडमधील दंतवैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत तोंडाच्या अचानक उद्भवणाऱ्या त्रासांचे तीन गट केलेले आहेत. अशाच स्वरूपाची विभागणी इतरत्रही वापरली जाते.

अत्यंत तातडीचे: रुग्णाचा वैद्यकीय व्यक्तीशी 60 मिनिटांच्या आत संपर्क व्हावा असे त्रास. श्वास घेण्यास किंवा गिळण्यास अडथळा आणणारी सूज, न थांबणारा रक्तस्राव, चेहऱ्याला झालेली गंभीर इजा आणि मुळासकट निखळलेला कायमचा दात यांचा या गटात समावेश होतो.

तातडीचे: 24 तासांच्या आत उपचार मिळावेत असे त्रास. वेदनाशामकांनी न शमणारी तीव्र दाढदुखी, मर्यादित सूज असलेले गळू, मज्जा उघडी पडलेला तुटका दात हे त्रास या गटात मोडतात.

थांबू शकणारे: सुमारे सात दिवसांच्या आत पाहिले तरी चालणारे त्रास. निघालेले फिलिंग, सुटलेली कॅप, टोचणारी तार, वेदना नसलेला दाताचा टवका, हिरड्यांतून येणारे किरकोळ रक्त हे त्रास सुट्टी संपेपर्यंत थांबू शकतात.

वेदनेची तीव्रता आणि धोक्याची पातळी या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. रात्रभर जागवणारी दाढदुखी सहसा जिवावर बेतत नाही. उलट, गळूमुळे असलेली वेदना अचानक कमी होऊन सूज वाढू लागली, तर संसर्ग हाडाबाहेर पडून ऊतींत पसरत असल्याची ती खूण असू शकते.

प्रमुख विकार आणि प्रथमोपचार

निखळलेला दात

मार बसून कायमचा दात मुळासकट बाहेर पडणे ही दंतवैद्यकातील सर्वाधिक घाईची स्थिती आहे. दाताच्या मुळावर त्याला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंच्या जिवंत पेशी असतात. दात कोरडा राहिल्यास त्या झपाट्याने मरतात आणि 60 मिनिटांनंतर त्यांतील बहुतेक पेशी जिवंत राहत नाहीत. दात जागेवर पुन्हा बसवण्याचे यश मुख्यतः याच अवधीवर अवलंबून असते. म्हणून हा प्रथमोपचार घटनास्थळी, दंतवैद्याकडे पोहोचण्यापूर्वीच सुरू करावा लागतो.

दात नेहमी वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असल्यास दूध, सलाइन किंवा रुग्णाच्या स्वतःच्या लाळेने तो हलकेच धुवावा. मूळ घासू नये, साबण किंवा जंतुनाशक लावू नये. रुग्ण शुद्धीवर असल्यास दात योग्य दिशेने खाचेत बसवून त्याला स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगितले जाते. ते शक्य नसेल तर दात थंड दुधात ठेवून तातडीने दंतवैद्याकडे नेला जातो. साधे पाणी पेशींना मानवत नाही, तथापि दात कोरडा ठेवण्यापेक्षा तेही बरे. भारतात नारळपाण्याच्या उपयुक्ततेवर प्रयोगशाळेत अभ्यास झाले आहेत; परंतु आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दुधालाच अग्रक्रम दिला आहे.

दंतवैद्य असा दात शेजारच्या दातांना लवचिक तारेने साधारणतः दोन आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या लसीची स्थितीही तपासली जाते. लहान मुलाचा दुधाचा दात निखळल्यास मात्र तो परत बसवू नये, कारण त्यामुळे खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

तुटलेला दात

दाताचा तुकडा सापडल्यास तो ओलसर ठेवून सोबत न्यावा. अनेकदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो. तुटलेल्या जागी गुलाबी किंवा लाल ठिपका दिसत असेल तर दंतमज्जा, म्हणजे दाताच्या पोटातील नसा व रक्तवाहिन्यांचा मृदू गाभा, उघडी पडलेली असते. अशा दातावर लवकर उपचार होणे आवश्यक असते. तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटला असेल, तर तो ओठात रुतला असण्याची शक्यता तपासली जाते. मार लागल्यानंतर शुद्ध हरपणे, उलट्या होणे किंवा वरचे व खालचे दात पूर्वीप्रमाणे न जुळणे ही लक्षणे असल्यास दाताऐवजी डोक्याच्या किंवा जबड्याच्या इजेकडे प्रथम लक्ष दिले जाते.

पसरणारा संसर्ग

किडलेल्या दातातील जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोहोचले की तेथे पू साचून गळू होते. बहुतेक गळवे एका जागी मर्यादित राहतात. काही वेळा मात्र संसर्ग जबड्याच्या हाडाबाहेर पडून गालात, मानेत किंवा जिभेखाली पसरतो. खालच्या दाढांतील संसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरल्यास जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग बंद होऊ शकतो. विल्हेल्म फ्रीडरिख फोन लुडविग या जर्मन वैद्याने 1836 मध्ये या विकाराचे वर्णन केले; त्याच्या नावावरून तो ‘लुडविग अँजायना’ म्हणून ओळखला जातो. प्रतिजैविकांचा शोध लागण्यापूर्वी या विकाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. वरच्या दातांतील संसर्ग क्वचित डोळ्यामागील रक्तवाहिन्यांपर्यंत किंवा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात 2007 मध्ये दाताच्या गळूतील जंतू मेंदूत पोहोचल्याने एका 12 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. या घटनेनंतर त्या राज्यात गरीब मुलांच्या दंतसेवेत सुधारणा करण्यात आल्या.

पुढील लक्षणे दिसल्यास दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाणे आवश्यक मानले जाते:

- श्वास घेण्यास, गिळण्यास किंवा बोलण्यास त्रास होणे, लाळ गळणे
- तोंड पुरेसे न उघडणे
- जिभेखाली, मानेत किंवा डोळ्याजवळ सूज वाढत जाणे
- सुजेसोबत ताप, थंडी वाजणे, ग्लानी किंवा गोंधळल्यासारखे होणे

मधुमेही व्यक्ती, कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण आणि अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्ती यांच्यात संसर्ग लवकर बळावतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत लहान सुजेकडेही दुर्लक्ष केले जात नाही.

दाढदुखी

कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचल्यावर मज्जेला सूज येते. मज्जेभोवती दाताच्या कठीण भिंती असल्याने ही सूज बाहेर पसरू शकत नाही आणि आतला दाब वाढून ठणका लागतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढत असल्याने हा ठणका रात्री जास्त जाणवतो. डोके उंचावर ठेवून झोपल्याने काहीसा आराम मिळतो. खरा उपाय म्हणजे मज्जा काढून टाकणे किंवा दात काढणे. सुट्टीच्या सेवेत बहुधा भूल देऊन दात उघडला जातो, सुजलेली मज्जा काढून आत औषध भरले जाते आणि उर्वरित रूट कॅनाल नंतर पूर्ण केले जाते.

अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरील हिरडीखाली अन्नकण अडकूनही तीव्र वेदना होतात. यात कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व स्वच्छता यांचा उपयोग होतो. तोंड उघडणे कमी झाल्यास किंवा ताप आल्यास तातडीने तपासणी करावी लागते.

दात काढल्यानंतरचा त्रास

दात काढल्यावर पहिले 24 तास लाळेत थोडे रक्त दिसणे स्वाभाविक असते. रक्त वाहतच राहिल्यास स्वच्छ गॉझची किंवा सुती कापडाची घट्ट, ओलसर घडी खाचेवर ठेवून 20 ते 30 मिनिटे सलग चावून धरली जाते. मध्येच काढून पाहिल्यास गाठ सुटते. सतत थुंकणे, चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे आणि धूम्रपान टाळावे लागते. दाब देऊनही रक्त थांबत नसल्यास, किंवा रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असल्यास, रुग्णालय गाठणे आवश्यक असते. अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करणे हृदयरुग्णांसाठी धोक्याचे ठरू शकते.

दात काढल्यानंतर दोन ते चार दिवसांनी वेदना कमी होण्याऐवजी वाढल्यास आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागल्यास खाचेतील रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडल्याची शक्यता असते. हा विकार खालच्या अक्कलदाढेनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतो. तो वेदनादायक असला तरी जीवघेणा नसतो. खाच धुऊन तीत औषधी पट्टी ठेवल्यावर आराम पडतो.

निघालेले फिलिंग, कॅप व तार

फिलिंग निघालेला दात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तात्पुरत्या दंत सिमेंटने झाकता येतो. सुटलेली कॅप जपून ठेवावी. ती घरगुती गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या रासायनिक गोंदाने बसवू नये. झोपेत ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने सैल कॅप तोंडात ठेवून झोपणे टाळले जाते. दात सरळ करण्याच्या तारेचे टोचणारे टोक त्यासाठीच्या खास मेणाने झाकले जाते.

वेदनाशामके आणि प्रतिजैविके

प्रौढांच्या तीव्र दंतवेदनेसाठी आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे, एकटी किंवा पॅरासिटामॉलसह, प्रथम पसंतीची मानली जातात. निरोगी प्रौढाने 24 तासांत एकूण 4 ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असल्याने नकळत मात्रा वाढण्याचा धोका असतो. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, काही प्रकारचा दमा व गर्भारपण या स्थितींत आयबुप्रोफेन वैद्यकीय सल्ल्याविना घेतले जात नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काळात ताप असल्यास डेंग्यूची शक्यता लक्षात घेऊन आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन टाळले जाते, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

दवाखाना बंद असताना औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक घेऊन वेळ मारून नेणे ही सर्रास आढळणारी पद्धत आहे. मात्र सुजलेल्या मज्जेच्या ठणक्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रोगप्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना केवळ दातदुखीसाठी प्रतिजैविके देऊ नयेत. दातावर प्रत्यक्ष उपचार करावेत. ताप किंवा संसर्ग पसरल्याची चिन्हे असल्यास ती आवश्यक ठरतात. उपचार लगेच मिळू शकत नसतील आणि गळू असेल, तेव्हाही दंतवैद्याच्या सल्ल्याने ती दिली जातात. तरीही पू बाहेर काढणे किंवा कारणीभूत दातावर उपचार करणे टळत नाही. गोळ्यांनी सूज उतरल्यावर उपचार लांबवल्यास संसर्ग पुन्हा उलटतो.

घरगुती उपाय

लवंगेच्या तेलात युजेनॉल हे सौम्य बधिरता आणणारे द्रव्य असते आणि दंतवैद्यकातील काही सिमेंटांतही त्याचा वापर होतो. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर तेल घेऊन ते किडलेल्या पोकळीत ठेवल्यास तात्पुरता आराम मिळू शकतो. जास्त प्रमाणात ते हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी तोंड स्वच्छ राहण्यास मदत होते. गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरणे मार लागल्यावर उपयुक्त असते.

ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरल्यास तेथील त्वचा जळते. महाराष्ट्रात दाढदुखीवर मिश्री किंवा तंबाखू लावण्याची सवय आढळते. तिने कीड थांबत नाही, उलट व्यसन आणि मुखकर्करोगाचा धोका मात्र वाढतो. सुजेला बाहेरून गरम शेक देणे किंवा गळू सुईने फोडणे टाळावे, असा सल्ला दिला जातो.

दातासारखे वाटणारे इतर दुखणे

वरच्या अनेक दाढा एकाच वेळी दुखत असतील आणि वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर कारण नाकालगतच्या सायनसमध्ये असू शकते. हृदयविकाराच्या झटक्याची वेदनाही कधीकधी खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूस, जाणवते. श्रम केल्यावर सुरू होणारे जबड्याचे दुखणे, त्याबरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असल्यास ते दातदुखी समजून वेळ न दवडता रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक असते.

विविध देशांतील व्यवस्था

जर्मनीमध्ये सार्वजनिक आरोग्य विम्याशी संलग्न दंतवैद्यांच्या प्रादेशिक संघटना रात्री, शनिवार-रविवार आणि सणांसाठी पाळीपत्रक तयार करतात. त्यानुसार नाताळातही प्रत्येक भागात कोणता ना कोणता दवाखाना ठराविक वेळी उघडा असतो.

इंग्लंडमध्ये 111 या दूरध्वनी क्रमांकावर राष्ट्रीय आरोग्य सेवेचे कर्मचारी लक्षणे विचारून त्रासाची तातडी ठरवतात आणि गरजेनुसार रुग्णाला तातडीच्या दंतसेवेकडे पाठवतात. रुग्णाची एखाद्या दंतवैद्याकडे आधीपासून नोंद असण्याची अट नसते.

जपानमध्ये अनेक नगरपालिका स्थानिक दंतवैद्यक संघटनांच्या साह्याने सुट्टीच्या दिवसांसाठी स्वतंत्र दंतचिकित्सालये चालवतात. रविवारी, सार्वजनिक सुट्ट्यांना व विशेषतः वर्षअखेर आणि नववर्षाच्या दिवसांत ती चालू असतात. तेथे केवळ तात्पुरते उपचार करून रुग्णाला त्याच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे परत पाठवले जाते.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यानुसार रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना पैसे देण्याची ऐपत न पाहता रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. त्यामुळे दातदुखीचे अनेक रुग्ण तेथे जातात. परंतु दंतवैद्य नसल्याने बहुतेकांना वेदनाशामके व प्रतिजैविके देऊनच परत पाठवले जाते आणि मूळ विकार तसाच राहतो.

भारत

भारतात दंतसेवा प्रामुख्याने खासगी दवाखान्यांतून मिळते. जर्मनीप्रमाणे देशभर लागू असलेले सुट्टीचे पाळीपत्रक येथे नाही. काही दंतवैद्य सुट्टीवर जाताना सहकारी दंतवैद्याचा क्रमांक रुग्णांना देऊन ठेवतात. मोठ्या शहरांत काही खासगी रुग्णालयांत व दवाखान्यांत सुट्टीच्या दिवशीही सेवा मिळते.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. मुंबईत महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे. गोव्यात बांबोळी येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा संस्थांचे बाह्यरुग्ण विभाग सार्वजनिक सुट्टीला सहसा बंद असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून चौकशी करणे सोयीचे ठरते. जिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. सुट्टीच्या दिवशी मात्र आपत्कालीन विभागातील डॉक्टर रुग्णाला प्रथम पाहतात. पसरणारी सूज, रक्तस्राव आणि जबड्याचा अस्थिभंग यांसाठी मुख व जबडा शल्यचिकित्सक उपलब्ध असलेले मोठे रुग्णालय अधिक योग्य असते. जीवघेण्या स्थितीत महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांत 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. अपघातग्रस्ताचा जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला.

2020 ची टाळेबंदी

कोविड-19 च्या साथीत जगभरातील दवाखाने एकाच वेळी बंद पडले आणि तातडीच्या दंतसेवेची अभूतपूर्व परीक्षा झाली. दंतोपचारांत उडणाऱ्या तुषारांमुळे संसर्गाचा धोका मोठा होता. इंग्लंडमध्ये मार्च 2020 च्या अखेरीस नियमित दंतोपचार थांबवून तातडीच्या रुग्णांसाठी निवडक केंद्रे सुरू करण्यात आली. इतरांना दूरध्वनीवरून सल्ला व औषधे दिली जात. 8 जूनपासून तेथील दवाखाने टप्प्याटप्प्याने उघडले. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे 2020 मध्ये दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रांतील दवाखाने बंद ठेवून दूरध्वनीवरून रुग्णांची वर्गवारी करणे आणि लाल क्षेत्रात केवळ आपत्कालीन उपचार करणे, असे त्यांचे स्वरूप होते. कोणता रुग्ण थांबू शकतो हे दुरून ठरवण्याची पद्धत या काळात व्यापक प्रमाणावर वापरली गेली.

पूर्वतयारी

लांबच्या सुट्टीपूर्वी किंवा प्रवासापूर्वी दातांची तपासणी करून घेणे आणि सुरू असलेले रूट कॅनाल, सैल कॅप व मोठी कीड यांवरील उपचार पूर्ण करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. अक्कलदाढ काढण्यासारखी शस्त्रक्रिया सुट्टीच्या आदल्या दिवशी न करता आधी काही दिवस केल्यास नंतरचा त्रास दंतवैद्य उपलब्ध असतानाच हाताळता येतो. दंतवैद्याच्या सुट्टीतील पर्यायी व्यवस्थेची चौकशी, नियमित औषधे व ॲलर्जी यांची लिखित नोंद आणि अलीकडील एक्स-रेचे छायाचित्र जवळ ठेवल्यास अनोळखी दंतवैद्यालाही निर्णय घेणे सोपे जाते. संपर्काच्या खेळांत दातांवर रबरी संरक्षक कवच वापरल्याने पुढच्या दातांच्या इजा कमी होतात.

हेसुद्धा पाहा

- दंतवैद्यक
- दंतक्षय
- रूट कॅनाल उपचार
- अक्कलदाढ
- प्रथमोपचार